प्राणिशास्त्र विभागातली १४१ रिळं

कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात १९८० च्या दशकात चुंबकीय फितीची १४१ रिळं साठत गेली. त्यांच्यावर ना बेडकांची निरीक्षणं होती, ना माशांची मोजमापं. संगणकांच्या एका जाळ्यावर देशोदेशीच्या माणसांनी दहा वर्षं घातलेले वाद, विचारलेल्या शंका, दिलेली उत्तरं, केलेले विनोद आणि काढलेली उणीदुणी असा सगळा ऐवज त्या रिळांवर होता. संदेश किती? सुमारे वीस लाख. हा ऐवज जपायला कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यासाठी अनुदान मंजूर झालं नव्हतं की समिती नेमली गेली नव्हती. विभागाचे संगणक सांभाळणाऱ्या हेन्री स्पेन्सर यांना तो पुसून टाकवेना, एवढंच. १९८१ ते १९९१ या काळात त्या जाळ्यावर लोक काय बोलत होते, हे आज आपल्याला कळतं ते बहुतांशी या एका माणसाच्या प्रतीमुळे.

त्या जाळ्याचं नाव यूजनेट. १९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना ते सुचलं. शेजारच्याच नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविन यांनी त्याचा पहिला प्रोग्राम लिहिला आणि १९८० मध्ये ते इतरांसाठी खुलं झालं. तेव्हा आजच्यासारखं चोवीस तास जोडलेलं इंटरनेट सामान्य विद्यापीठांना मिळत नसे. मग एक संगणक रात्री, फोनचे दर उतरल्यावर, दुसऱ्या संगणकाला साधा टेलिफोन लावायचा. आपल्याकडचे नवे संदेश त्याला द्यायचा, त्याच्याकडचे आपण घ्यायचा आणि फोन ठेवायचा. दुसरा तिसऱ्याला लावायचा. पहाटेच्या एसटीतून वर्तमानपत्रांचे गठ्ठे एकेका स्टँडवर उतरत पुढे जातात, तसं हे टपाल गावोगाव उतरत जायचं. फरक एकच. एसटीतला गठ्ठा उतरला की गाडीतला तेवढा माल कमी होतो. इथे प्रत्येक थांब्यावर सगळ्या मालाची पूर्ण प्रत राहायची आणि तरीही पुढच्या थांब्याला सगळा माल मिळायचा.

ही रचना नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. यूजनेटला मालक नव्हता आणि मुख्य कचेरीही नव्हती. चर्चा 'असते' ती एका ठिकाणी, आणि आपण तिथे जाऊन वाचतो, ही आजची सवय तिथे लागूच पडत नाही. चर्चा एकाच वेळी शेकडो ठिकाणी असायची आणि वाचणारा ती आपल्याच संस्थेच्या संगणकावर वाचायचा. प्रत्येक संदेशाला एक खूणक्रमांक असायचा. रजिस्टर्ड पत्राच्या पावतीवर असायचा तसा, जगात दुसऱ्या कुठल्याही संदेशाला नसलेला. उत्तर देणारा संदेश ज्याला उत्तर देतोय त्याचा क्रमांक आपल्या अंगावर वागवायचा. त्यामुळे दहा ठिकाणांहून दहा अर्धवट प्रती गोळा केल्या, तरी दुबार आलेले संदेश गाळून आणि कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं हे जुळवून पूर्ण संभाषण पुन्हा उभं करता येतं. पत्तेही गमतीचे होते. संदेश कुठून कुठे जायचा त्या सगळ्या संगणकांची नावं उद्गारचिन्हांनी जोडून लिहायची. स्पेन्सर यांच्या पत्त्याचं शेवटचं टोक असायचं 'यूटीझू!हेन्री'. यूटी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ टोरांटो आणि झू म्हणजे झूऑलॉजी. अमेरिकेबाहेरचं पहिलं चालतं यूजनेट केंद्र ते हेच, १९८१ पासूनचं.

आता अडचण. सगळ्यांकडे सगळ्याची प्रत असते, तर मग काही नष्ट कसं होणार? उत्तर सोपं आहे: जागा. त्या काळच्या संगणकाच्या डिस्कवर मोजक्या मेगाबाइट जागेसाठी मारामारी असे, आणि संशोधकांची आकडेवारी बाजूला सारून गप्पाटप्पांना जागा द्यायला कुठलाही विभागप्रमुख तयार होणार नाही. म्हणून यूजनेटच्या प्रोग्राममध्येच मुदतीची सोय होती. 'एक्स्पायर' नावाचा भाग रोज रात्री फिरायचा आणि ठरावीक दिवसांपेक्षा जुने संदेश पुसून टाकायचा. दोन आठवडे ठेवले म्हणजे पुष्कळ. आणि हे जगभर व्हायचं. शेकडो प्रती निघायच्या आणि त्या शेकडो प्रती साधारण एकाच सुमाराला पुसल्याही जायच्या. प्रती भरपूर असल्या म्हणजे वस्तू सुरक्षित, हा समज इथे साफ खोटा ठरतो. सगळ्यांची झाडलोटीची वेळ एकच असेल तर प्रती शंभर असोत की हजार, दुसऱ्या दिवशी अंगण रिकामंच.

स्पेन्सर यांनी फक्त या झाडलोटीच्या आधी एक पायरी वाढवली. पुसण्यापूर्वी संदेश फितीवर उतरवून घ्यायचे. तांत्रिक माहिती त्यात पुष्कळ असे. कुठल्या प्रोग्राममध्ये काय खोट आहे, ती कशी दुरुस्त करायची, हे तेव्हा पुस्तकांत मिळत नसे, ते इथेच मिळे. पुढेमागे लागेल म्हणून ठेवावं, ही आपल्या घरातल्या माळ्यावर चालते तीच वृत्ती. गंमत अशी, की पुसण्याचं काम चोख करणारा प्रोग्राम लिहिणाऱ्यांतही हेच गृहस्थ होते. जेफ कॉलियर यांच्यासोबत त्यांनी १९८७ साली 'सी न्यूज' ही यूजनेटची सुधारित, वेगवान प्रणाली तयार केली. संदेश घेणं, पुढे धाडणं आणि मुदत संपलेले काढून टाकणं, ही तिन्ही कामं ती जुन्या प्रणालीपेक्षा कितीतरी झपाट्याने करायची. एका हाताने झाडू, दुसऱ्या हाताने पेटारा.

पेटारा कसला होता तेही पाहू. त्या काळची संगणकाची फीत अर्धा इंच रुंद असे. मोठं रीळ साडेदहा इंच व्यासाचं, जेवणाच्या ताटाएवढं, आणि त्यावर २४०० फूट, म्हणजे जवळजवळ पाऊण किलोमीटर फीत गुंडाळलेली. एवढ्या फितीवर मावायचं काय, तर दाट लिहिली तरी दीड-पावणेदोनशे मेगाबाइट, विरळ लिहिली तर चाळीस-पंचेचाळीस. आज फोनवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ एवढी जागा खाऊन टाकतो. पण यूजनेटवरचा संदेश म्हणजे निव्वळ अक्षरं. चित्र नाही, रंग नाही, ठळक-तिरपा ठसासुद्धा नाही. म्हणून एकेका रिळावर हजारो माणसांचं बोलणं मावत गेलं.

आणि बोलणं तरी काय काय! १९८५ च्या जानेवारीत कुणीतरी भाबडेपणाने विचारलं होतं, की संगणकात सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवले तर २००० साल उजाडल्यावर काय होईल. चौदा-पंधरा वर्षांनी याच प्रश्नापायी जगभरच्या कंपन्यांची झोप उडाली आणि भारतातल्या हजारो अभियंत्यांना काम मिळालं. जानेवारी १९८६ मध्ये चॅलेंजर अवकाशयान फुटलं तेव्हाची घालमेल या रिळांवर आहे. त्यात स्पेन्सर यांना स्वतःला अवकाशविषयाचं विलक्षण वेड. आणि १ एप्रिल १९८४ चा तो प्रसिद्ध संदेश. सोव्हिएत संघाचे सर्वोच्च नेते कॉन्स्टन्टिन चेर्नेन्को यांनी यूजनेटच्या सभासदांना नमस्कार कळवला होता आणि आपला देशही या जाळ्यात येत असल्याचं जाहीर केलं होतं. संगणकाचं नाव 'क्रेमव्हॅक्स'. क्रेमलिनमधला व्हॅक्स, म्हणजे त्या काळचा नामांकित संगणक. तारीख समोर दिसत असूनही पुष्कळ जण फसले, काहींनी गंभीरपणे स्वागत केलं, काही संतापले. संदेश खरा लिहिला होता ॲम्स्टरडॅमच्या पीट बेर्टेमा यांनी. पुढे १९९० मध्ये मॉस्कोहून खरेखुरे संदेश येऊ लागले, तेव्हा ही पुन्हा कुणाची थट्टा तर नाही ना, असा संशय लोकांना आला. आणि तिकडच्या मंडळींनीही विनोदाचा मान राखून आपल्या एका संगणकाचं नाव खरोखरच क्रेमव्हॅक्स ठेवलं. १९८४ ची मूळ थट्टा पुसली गेली असती, तर १९९० ची गंमत कुणाला कळली असती?

१९९१ च्या मध्यावर मात्र स्पेन्सर यांचा हात थांबला. यूजनेट इतकं फुगलं होतं, की सगळंच उतरवून ठेवायचं म्हणजे फितींचा ढीग आवरेनासा झाला. शेवटचं रीळ जून १९९१ चं. ६ ऑगस्ट १९९१ ला टिम बर्नर्स-ली यांनी 'वर्ल्ड वाइड वेब' नावाच्या आपल्या प्रकल्पाची माहिती एका चर्चागटात दिली. २५ ऑगस्टला फिनलंडमधल्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने, आपण हौस म्हणून एक छोटी संगणकप्रणाली लिहितोय, ती काही फार मोठी होणार नाही, असं दुसऱ्या गटात लिहिलं. ती प्रणाली लिनक्स. संगणकाच्या इतिहासातले हे दोन सगळ्यात गाजलेले संदेश, आणि पेटाऱ्याचं झाकण दोनच महिने आधी लागलेलं. सुदैवाने पेटारे आणखीही होते. कुणी चर्चा सीडींवर भरून विकत होतं, कुणी आपल्या आवडीचे दोन-चार गट स्वतःपुरते साठवत होतं. मधली वर्षं पुढे या ठिगळांनी भरून काढावी लागली.

रिळं साठवणं हे निम्मंच काम. वाचणारं यंत्र असेतोवरच फितीला किंमत. टोरांटोपासून दोनेकशे किलोमीटरवर लंडन नावाचं गाव आहे, कॅनडातलंच. तिथल्या वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठातल्या डेव्हिड वाइजमन यांनी ती १४१ रिळं आपल्याकडे नेली आणि सहकाऱ्यांबरोबर एकेक करून त्यांच्यातला मजकूर नव्या साठवणीवर उतरवला. हे किती चिकाटीचं काम आहे, ते आपल्याकडे पावसाळ्यात जुन्या कॅसेटी बाहेर काढून पाहणाऱ्याला सांगायला नको. फितीवरचा चुंबकीय थर ज्या चिकट द्रव्याने बसवलेला असतो ते हवेतली ओल धरतं, मग फीत यंत्राच्या डोक्याला चिकटते, किंकाळते आणि वरचा थर भुकटीसारखा गळायला लागतो. मजकुरासकट. अशा फिती भट्टीत मंद आचेवर, पन्नासेक अंश तापमानाला, कित्येक तास भाजून कोरड्या करायच्या आणि मग घाईने एकदा वाजवून घ्यायच्या, हा त्या धंद्यातला मान्य उपाय आहे. ऐकायला पापड वाळवल्यासारखं वाटतं, पण जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांत ते रोज चालतं.

टेक्सासमधल्या 'डेजान्यूज' या कंपनीने १९९५ पासून यूजनेटचे चालू संदेश साठवून शोधण्याची सोय केली होती. तो साठा २००१ च्या फेब्रुवारीत गूगलने विकत घेतला. मग वाइजमन यांनी उतरवलेला स्पेन्सर यांचा संग्रह, त्या सीड्या, ती ठिगळं, सगळं एकत्र करून डिसेंबर २००१ मध्ये गूगलने वीस वर्षांचं यूजनेट लोकांपुढे ठेवलं: ७० कोटींवर संदेश. त्यात स्पेन्सर यांचे वीस लाख म्हणजे शेकडा अर्धासुद्धा नाहीत. पण पहिली दहा वर्षं त्या अर्ध्याहून कमी टक्क्यातच आहेत.

एका संभाषणाची गोष्ट याहून बारीक आहे आणि मला ती जास्त आवडते. १९८२ च्या सप्टेंबरात कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अंतर्गत फलकावर काही संगणकशास्त्रज्ञ एक कोडं चघळत होते. लिफ्टचा दोर तुटून ती कोसळत असेल, तर आतली पेटती मेणबत्ती आणि पाऱ्याचा थेंब यांचं काय होईल? एकाने थट्टेने सूचनावजा मजकूर टाकला, की अशा प्रयोगामुळे एका लिफ्टमध्ये पारा सांडला आहे. काहींनी ती धोक्याची खरी सूचना समजली. मग प्रश्न आला, की विनोद हा विनोद आहे हे लिहिताना दाखवायचं कसं? निरनिराळी चिन्हं सुचवली गेली. १९ सप्टेंबरला सकाळी ११ वाजून ४४ मिनिटांनी स्कॉट फालमन यांनी लिहिलं, की अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस असे ओळीने टाका, आणि मान वाकडी करून वाचा. :-) हाच तो हसरा चेहरा. आज आपण फोनवर पाठवतो त्या पिवळ्या चेहऱ्यांच्या वंशावळीत वरच्या फांदीवर तो बसलेला आहे.

चिन्ह जगभर गेलं आणि मूळ संभाषण पुसलं गेलं. खुद्द फालमन यांच्याकडेही प्रत नव्हती. इतक्या फुटकळ गोष्टीची प्रत कोण ठेवतो? पुढे माइक जोन्स यांनी शोधाला गती दिली आणि विद्यापीठातले जेफ बेअर्ड जुन्या फिती धुंडाळू लागले. आधी १९८२ च्या सुमाराच्या फिती सापडायला हव्यात, मग त्या वाचणारं चालू यंत्र हवं, मग त्यावरचा तत्कालीन मांडणीतला मजकूर उलगडायला हवा. २००२ च्या सप्टेंबरात, वीस वर्षं पुरी होता होता, ऑक्टोबर १९८२ च्या एका फितीवर ते संभाषण अखंड मिळालं. लिफ्ट, मेणबत्ती, पारा, सगळं. हसरा चेहरा सुटा सापडला असता तर ती एक ओळ ठरली असती. संभाषण सापडलं म्हणून तो का लागला, हे कळलं.

बोलणं टिपून ठेवण्याचा हा उद्योग मराठीला परका नाही. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ मुळात असाच जन्मला. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा केल्या. प्रसंग ज्याच्या समोर घडला त्याच्याकडे जायचं, त्याच्या तोंडून ऐकायचं, उतरवायचं आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचं. प्रश्न, उत्तर, प्रतिप्रश्न, मध्येच कुणाचं रुसणं, कुणाचं शिळं अन्न, कुणाची फजिती. लीळाचरित्र वाचताना आपण एका लांबलचक संभाषणाच्या कडेला बसलोय असं वाटतं, ते त्यामुळे. ही मूळ पोथी खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत हरवली. मग शिष्यांनी पाठांतरावरून ती पुन्हा उभी केली आणि ज्याच्या त्याच्या स्मरणाप्रमाणे पाठ वेगळे झाले. हिराइसेचा पाठ असा, अमक्याचा तसा. पण चक्रधरांच्या महानुभाव पंथाने त्यांतला एक खरा ठरवून बाकीचे बुडू दिले नाहीत. कुणाच्या आठवणीत काय फरक आहे तो 'वासना' म्हणून जागच्या जागी नोंदवून ठेवला. दहा अर्धवट प्रतींवरून एक संभाषण जुळवण्याची ही रीत सातशे वर्षांपूर्वी विदर्भ-मराठवाड्यात चालू होती, खूणक्रमांकाविना.

पुढे या पोथ्या सांकेतिक लिपीत गेल्या. सकळी लिपी म्हणून ती ओळखली जाते. जपणूक इतकी कडेकोट झाली, की पंथाबाहेरच्या मराठी माणसाला आपल्याच भाषेतला हा खजिना कित्येक शतकं वाचता आला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी त्या लिपीची किल्ली लावली, तेव्हा कुठे दार किलकिलं झालं.

यूजनेटवर मराठीही होती. जुहूच्या एनसीएसटी संस्थेतून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टेलिफोनच्याच तारेवरून परदेशाशी ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली होती, पण मराठी चर्चागट नांदला तो मुख्यतः अमेरिकेत शिकायला-नोकरीला गेलेल्यांच्या जोरावर. 'सोक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी' हे त्याचं लांबलचक नाव. तिथे देवनागरी उमटत नसे. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची, मोठा एन म्हणजे ण, मोठा एल म्हणजे ळ. अविनाश चोपडे यांनी तयार केलेल्या 'आयट्रान्स' या पद्धतीने तशा रोमन मजकुराची छापण्याजोगी देवनागरी करता येत असे. आज ते मराठी संदेश वाचताना डोळे थकतात, पण अक्षरन् अक्षर शाबूत आहे. याच्या उलट गत २००० सालच्या आसपास देवनागरीत दिमाखाने झळकणाऱ्या मराठी संकेतस्थळांची झाली. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. युनिकोड आलं होतं, पण घरोघरच्या संगणकांवर पोचायचं होतं. त्यामुळे पडद्यावर 'क' दिसे, पण आत साठवलेलं असे भलतंच एखादं युरोपीय अक्षर. फॉन्ट गेला की मजकूर गेला. आपलीच सकळी लिपी, किल्ली हरवलेली.

लोकांच्या गप्पा भाड्याच्या जागेत चालतात आणि घरमालक कधीही जागा रिकामी करायला सांगतो, हे पुढच्या काळात वारंवार दिसलं. ऑक्टोबर २००९ मध्ये लोकांना स्वतःची पानं फुकट मांडू देणारं जिओसिटीज बंद झालं. जेसन स्कॉट यांच्या 'आर्काइव्ह टीम'मधल्या हौशी मंडळींनी अखेरच्या दिवसांत हाती लागेल तेवढं उतरवून घेतलं. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट मिटलं, आणि त्यावरच्या मराठी समूहांत रात्र रात्र रंगलेल्या भांडणांचं नाव निघालं की आज चाळिशीतली माणसं अजून हळवी होतात. डिसेंबर २०२० मध्ये याहू ग्रुप्स गेले. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये मांडलेला हिशेब असा, की २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नाहीत.

आता स्वतःपुरती प्रत काढायची म्हटलं, तर १९८५ पेक्षा ते एका अर्थाने अवघड झालंय. पूर्वी पान म्हणजे एक फाइल असे. आता पान नावाची वस्तू नसतेच. आपण खाली सरकू तसतसा मजकूर मागवला जातो, चित्रं तिसऱ्याच ठिकाणाहून येतात, 'आणखी उत्तरे पाहा' हे बटण दाबेपर्यंत उत्तरं आलेलीच नसतात. ब्राउझरला 'सेव्ह' म्हणावं, तर दोनशे उत्तरांतली पहिली वीस आणि चार जाहिराती पदरात पडतात. म्हणून ग्रंथपाल मंडळी 'वॉर्क' नावाची फाइल वापरतात. २००९ पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. संगणकाने काय मागितलं, समोरून अक्षरशः काय आलं आणि ते कधी आलं, हे सगळं ती जसंच्या तसं बांधून ठेवते. कोर्टाच्या कामात नकलेवर तारीख आणि शिक्का असावा तसं. साध्या वाचकाला एवढं नको असेल तर सगळी उत्तरं उघडून पीडीएफ करावी. पण प्रत काढल्यावर वायफाय बंद करून ती एकदा उघडून बघणं मात्र चुकवू नये. निम्म्या लोकांची 'साठवलेली' चित्रं त्या क्षणी गायब होतात, तेव्हा कळतं की साठवला होता तो फक्त पत्ता.

याला दुसरी बाजू आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. १९८३ साली वीस वर्षांच्या पोराने रागाच्या भरात काहीतरी लिहिलं, ते दोन आठवड्यांत पुसलं जाणार हे गृहीत धरून. २००१ मध्ये तो चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना त्याचं नाव टाकलं की ते वाक्य समोर येऊ लागलं. डेजान्यूजच्या काळातच 'हा संदेश साठवू नये' असं सांगणारी खूण संदेशाच्या माथ्यावर टाकायची पद्धत निघाली होती. पण १९८३ च्या पोराला ती कुठून ठाऊक असणार? स्पेन्सर यांचा संग्रह काही काळ इंटरनेट आर्काइव्हवरून कुणालाही उतरवून घेता येत होता, नंतर कायदेशीर तक्रारीमुळे तो तिथून काढावा लागला. तोवर अर्थातच कित्येकांनी तो आपापल्या डिस्कवर घेतला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलने यूजनेटचे नवे संदेश घेणंही थांबवलं. जुने अजून शोधता येतात.

माझ्याकडे २००३ च्या सुमारास साठवलेलं असंच एक पान आहे, तेव्हाच्या एका मराठी संकेतस्थळावरचं. बरीच वर्षं ते उघडलं की टोपी घातलेले 'ए', दोन टिंबांचे 'यू' आणि उलटी प्रश्नचिन्हं दिसायची. गेल्या दिवाळीत माळा आवरताना सीडींच्या बटव्यात तो फॉन्ट सापडला, बसवला, आणि पान एकदम मराठी बोलू लागलं. शिकागोच्या कुणा बाईंची उकडीच्या मोदकांची पारी दरवेळी फुटत होती आणि त्यांनी विचारलं होतं, तिकडे पीठ कुठलं घ्यायचं. चौदा जणींनी चौदा सल्ले दिले होते. थाई दुकानातलं घ्या, बासमती भिजवून सावलीत वाळवून घरी दळा, पाण्यात चमचाभर लोणी घाला, एकीने तर मोदकांचा नाद सोडा म्हणून सांगितलं होतं. पंधरावीने लिहिलं होतं, की आमच्या रत्नागिरीच्या आत्याची एक युक्ती आहे, तिला आजच फोन करून विचारते आणि लिहिते. त्याच्या खाली निळ्या अक्षरांत 'पुढील पान' असं आहे. ते दाबल्यावर काही होत नाही. दुसरं पान मी साठवलं नव्हतं.